जुना प्रोसेसर: ओव्हरक्लॉक करावा की बदलावा? या चुका टाळा

कॉम्प्युटर रडतखडत चालायला लागला की खापर सगळ्यात आधी प्रोसेसरच्या डोक्यावर फुटतं. मग दोनच रस्ते दिसतात: आहे तोच प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा, म्हणजे त्याचा क्लॉक (गिगाहर्ट्झमध्ये मोजतात तो वेग) कंपनीने ठरवलेल्यापेक्षा वाढवायचा, नाहीतर नवा घ्यायचा. दोन्ही रस्त्यांवर मी ठेचा खाल्ल्यात, आणि बहुतेक ठेचा निघायच्या आधीच ठरलेल्या होत्या. प्रोसेसर खरंच अडतोय का, हेच मी तपासलं नव्हतं.

टास्क मॅनेजरमधला एकच आकडा बघून निकाल देणं

टास्क मॅनेजर उघडला, सीपीयू ३० टक्के दिसला, म्हणजे प्रोसेसर मोकळा आहे, असं समजू नका. चार कोअरच्या (स्वतंत्रपणे काम करणाऱ्या चार भागांच्या) प्रोसेसरवर एकाच थ्रेडचं, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर चालणारं, काम पूर्ण जोरात चालू असलं तरी एकूण आकडा २५ टक्क्यांच्या आसपासच राहतो. आलेखावर राइट क्लिक करून प्रत्येक लॉजिकल प्रोसेसर वेगळा दाखवता येतो. पण विंडोज ते काम एका कोअरवरून दुसऱ्यावर फिरवत राहतं, त्यामुळे तिथेही कुठेच १०० टक्के दिसणार नाही असं होऊ शकतं.

मी उलटी चाचणी करतो. क्लॉक वाढवण्याआधी कमी करून बघायचा. बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) मल्टिप्लायर (बेस क्लॉकला ज्या आकड्याने गुणून प्रोसेसरचा क्लॉक ठरतो तो) खाली आणा, किंवा विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ८० टक्के करा आणि प्रत्यक्ष क्लॉक किती उरला ते सीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये बघा. समजा क्लॉक २० टक्क्यांनी उतरला. दहा मिनिटांचा व्हिडिओ एक्स्पोर्ट आता साडेबारा मिनिटांवर गेला, तर ते काम खरोखर क्लॉकवरच चालतंय, ओव्हरक्लॉकचा फायदा होईल. दहाची सव्वादहा झाली, तर अडचण दुसरीकडे आहे. हार्ड डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली असेल, रॅम भरून डिस्कवर सांडत असेल. अशा मशीनला साधी एसएसडी जे देते ते ५ गिगाहर्ट्झही देत नाही.

गेमसाठी आणखी सोपं आहे. रिझोल्यूशन निम्म्यावर आणा. फ्रेम्स वाढल्या तर ग्राफिक्स कार्ड अडतंय. जिथल्या तिथेच राहिल्या तर प्रोसेसर.

कुलूपबंद प्रोसेसरशी झटापट

इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये मल्टिप्लायर साधारणपणे नावाच्या शेवटी 'के' किंवा 'एक्स' असेल तरच मोकळा असतो. शिवाय बोर्डही तसा लागतो, बहुतेक पिढ्यांत झेड मालिकेचा. एएमडीचे बहुतेक रायझन मोकळे आहेत, पण ए३२० चिपसेटचा (बोर्डावरच्या नियंत्रक चिपचा) बोर्ड ओव्हरक्लॉक करू देत नाही. कुलूप असलं की काही जण १०० मेगाहर्ट्झचा बेस क्लॉकच ढकलायला जातात. २०११ च्या सँडी ब्रिजपासून इंटेलच्या कित्येक बोर्डांवर त्याच क्लॉकवर पीसीआय एक्स्प्रेस आणि साटासुद्धा (ग्राफिक्स कार्ड आणि डिस्क जोडायचे मार्ग) चालतात. दोन-चार मेगाहर्ट्झ मिळवता मिळवता डिस्क गायब व्हायची.

आणि फक्त ओव्हरक्लॉकसाठी जुन्या सॉकेटचा (प्रोसेसर बसतो त्या जागेचा) झेड बोर्ड आणि भलामोठा कूलर विकत घेणं म्हणजे नाल सापडली म्हणून घोडा घेणं. तेच पैसे अपग्रेडमध्ये घाला. लॅपटॉपचा तर विचारच सोडा.

व्होल्टेज 'ऑटो'वर सोडून देणं

प्रोसेसरच्या विजेचं गणित असं: ती क्लॉकच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ३.६ गिगाहर्ट्झला १.२ व्होल्ट लागत होते आणि ४.४ साठी १.३५ द्यावे लागले असं धरा. वेग वाढला २२ टक्के, वीज वाढली जवळपास ५५ टक्के. तेवढी उष्णता कूलरने बाहेर काढायची, आणि तेवढा करंट बोर्डावरच्या व्हीआरएमने (प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागाने) पुरवायचा. स्वस्तातल्या बोर्डावर व्हीआरएमला हीटसिंकच नसतो. तो तापला की बोर्ड गुपचूप क्लॉक खाली आणतो, आणि आपण बसतो प्रोसेसरचं तापमान बघत.

'ऑटो'वर बोर्ड सहसा गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देतो, कारण मशीन बंद पडू नये एवढीच त्याला काळजी. त्यामुळे आकडा स्वतः ठरवा आणि मल्टिप्लायर एकेक पायरीनेच चढवा. एका वेळी एकच गोष्ट बदला. रॅमचा एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवायची तयार सेटिंग) आणि प्रोसेसरचा क्लॉक एकदम वाढवलात आणि निळा पडदा आला, तर चोर कोण ते कळणार कसं?

त्याही आधी कूलर काढा, वाळून खपली झालेली थर्मल पेस्ट पुसा, नवी लावा, पंख्यातली धूळ काढा. आधी आणि नंतर एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये थर्मल थ्रॉटलिंगची ओळ बघा. १०० अंशांच्या आसपास गेला की प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. कित्येक 'जुने' प्रोसेसर जुने नसतात, नुसते तापलेले असतात.

अर्ध्या तासाच्या टेस्टवर विसंबणं

ही चूक माझी स्वतःची. चार कोअरचं जुनं मशीन ४.५ गिगाहर्ट्झवर नेलं, सिनेबेंच हे चाचणीचं सॉफ्टवेअर अर्धा तास फिरवलं, एकदाही अडखळलं नाही. खूश होऊन सोडून दिलं. दोनेक आठवड्यांनी एक मोठी झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (फाइलमधला डेटा बिघडल्याची सूचना) आला. वाटलं, डाउनलोड बिघडलं असेल. पुन्हा उतरवली, पुन्हा एरर, पण या वेळी वेगळ्याच फाइलवर. तिथे डोक्यात उजेड पडला. विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडला तर हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या डब्ल्यूएचईए-लॉगरच्या नावाने आयडी १९ च्या ओळींची रांग लागलेली, पहिली ओळ ओव्हरक्लॉक केला त्याच रात्रीची. प्रोसेसर चुका करत होता, जमतील तेवढ्या निस्तरत होता, आणि मधल्या काळात मी फोटोंचा बॅकअप घेतला होता. त्यातल्या काही फाइली आजही उघडत नाहीत.

तेव्हापासून प्राइम९५ किंवा ओसीसीटी ही प्रोसेसरला ताण देणारी चाचणी रात्रभर चालवतो आणि सकाळी आधी इव्हेंट व्ह्यूअर बघतो. रॅमसाठी मेमटेस्ट८६ वेगळा. निळ्या पडद्यावर ०x१२४ किंवा ०x१०१ दिसला तर पहिला संशय कमी पडलेल्या व्होल्टेजवर घ्या. व्होल्टेज वाढवण्यापेक्षा क्लॉक एक-दोन पायऱ्या उतरवणं मला पटतं. मशीन सुरूच झालं नाही तर घाबरू नका. विजेची वायर काढा, बोर्डावरच्या सीमॉस जंपरने बायोसची सेटिंग क्लिअर करा, किंवा गोल सेल थोडा वेळ काढून ठेवा.

क्लॉकने जे मिळतच नाही ते मागणं

२०१३ च्या हॅसवेलआधीच्या इंटेल प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ हा सूचनासंच नाही. तो मागणारं सॉफ्टवेअर ४.५ वरही उघडणार नाही. विंडोज ११ ची अधिकृत यादी साधारणपणे इंटेलची आठवी पिढी आणि रायझन २००० मालिकेपासून सुरू होते, आणि विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कोअरचंही तेच. चार थ्रेडचा आय५-२५००के कितीही ताणला तरी त्याचे आठ थ्रेड होत नाहीत.

अपग्रेड म्हणजे सगळंच नवं, असं धरून चालणं

मधला रस्ता लोक विसरतात: त्याच सॉकेटमधला वरचा प्रोसेसर. २५००के च्या जागी आय७-२६००के किंवा ३७७०के बसवला की आठ थ्रेड मिळतात आणि डीडीआर३ रॅम तशीच चालते. एएमडीच्या एएम४ सॉकेटवाले तर नशीबवान. २०१७ च्या रायझन १६०० च्या जागी रायझन ५६००, किंवा २०२२ चा ५८००एक्स३डी बसू शकतो.

मात्र पिना जुळल्या म्हणजे प्रोसेसर चालेल असं नाही. इंटेलची २०१७ ची आठवी पिढी एलजीए ११५१ सॉकेटमध्येच बसते, पण सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डांना तिचा अधिकृत सपोर्ट नाही. बोर्डाच्या सपोर्ट यादीत प्रोसेसरचं नाव आणि त्यापुढची बायोसची आवृत्ती दोन्ही बघा, आणि बायोस अपडेट जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करा. आधी काढलात तर नव्यावर पडदा काळाच राहतो, आणि जुना परत बसवण्याची वेळ येते.

काढण्याआधी बायोसमध्ये डीफॉल्ट सेटिंग लोड करा. बहुतेक बोर्ड नवा प्रोसेसर दिसताच जुनी सेटिंग टाकून देतात, पण जुन्यासाठी लिहिलेले १.३५ व्होल्ट नव्याला मिळायला नकोत. बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. रायझनमध्ये टीपीएम (त्या कुलपाची किल्ली जपणारा सुरक्षेचा भाग) प्रोसेसरच्याच आत असतो, त्यामुळे प्रोसेसर बदलल्यावर विंडोज ती की मागू शकतं, आणि ती त्याच कुलूपबंद डिस्कवर सेव्ह केलेली असली तर तिचा काही उपयोग नाही.