उताराला लागलेल्या बेसबॉलपटूचे आकडे कसे वाचावेत

क्रिकेटची सवय असलेला वाचक बेसबॉलच्या तक्त्यात आधी होम रन, म्हणजे सहसा षटकारासारखे सीमेपार गेलेले फटके, शोधतो आणि मग आरबीआय, म्हणजे फलंदाजाच्या फटक्यावर संघाला मिळालेल्या धावा. खेळाडूचा उतार ओळखायचा असेल, तर हेच दोन रकाने सर्वाधिक फसवतात. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये खेळलेला फलंदाज ॲल्बर्ट पुहोल्स याच्या नोंदींत हे स्पष्ट दिसते.

प्रथम ऐन भरातला एक हंगाम मापासाठी निवडावा. सेंट लुइस कार्डिनल्सकडून २००९ मध्ये पुहोल्सने ४७ होम रन मारले. ते तूर्त बाजूला ठेवून त्याला मिळालेले ११५ वॉक टिपावेत. पिचरचे, म्हणजे गोलंदाजाचे, चार चेंडू स्ट्राइक झोनच्या, म्हणजे फलंदाजासमोरच्या ठरावीक चौकटीच्या, बाहेर पडले आणि फलंदाजाने मोह आवरून ते सोडले, की त्याला पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला थांबा, आयता मिळतो. त्यामुळे या रकान्यात फलंदाजाची नजर आणि पिचरला वाटणारी धास्ती या दोन्ही गोष्टी उतरतात. त्या वर्षी त्याचे ऑन-बेस परसेंटेज, म्हणजे बाद न होता बेसवर पोहोचण्याचे प्रमाण, ०.४४३ होते.

आता २०१७ पाहावे. लॉस एंजेलिस एंजल्सकडून खेळणाऱ्या ३७ वर्षांच्या पुहोल्सच्या नावावर २३ होम रन आणि १०१ आरबीआय आहेत, म्हणजे वरवर सारे ठीकच. पण वॉक अवघे ३७ आणि ऑन-बेस परसेंटेज ०.२८६! होम रन सोडला तर आरबीआय मिळण्यासाठी आधीचे फलंदाज बेसवर असावे लागतात, आणि त्या संघात सतत बेसवर पोहोचणारा माइक ट्राउट होता.

पायांचा हिशेब वेगळा मांडावा. टाचेच्या दुखण्यामुळे २०१३ मध्ये तो ९९ सामनेच खेळू शकला. एकाच फटक्यावर दोन गडी बाद होण्याचे, म्हणजे डबल प्लेचे, ४२६ प्रसंग त्याच्या नावावर असून तो मेजर लीगमधील विक्रम आहे. जोरदार फटका थेट क्षेत्ररक्षकाकडे जाणे आणि धावणाऱ्याचे पाय जड असणे यांचा तो मेळ आहे.

खेळलेल्या सामन्यांची संख्या मात्र फॉर्मचा पुरावा मानू नये. एंजल्सशी डिसेंबर २०११ मध्ये झालेल्या दहा वर्षांच्या, २४ कोटी डॉलरच्या करारानंतर अशा खेळाडूला बसवणे कोणत्याही संघाला जड जाते. एंजल्सने त्याला सोडले ते थेट मे २०२१ मध्ये.

कार्डिनल्सकडे परतून २०२२ मध्ये त्याने २४ होम रन मारले, कारकीर्दीतील ७०० होम रनचा टप्पा ओलांडला आणि ७०३ वर कारकीर्द संपवली. हा हंगाम वाचताना डावखुऱ्या आणि उजव्या पिचरांविरुद्धचे आकडे वेगळे काढावेत, कारण उजव्या हाताने खेळणाऱ्या पुहोल्सला प्रामुख्याने डावखुऱ्या पिचरांसमोर उतरवले जात होते. शिवाय त्याच वर्षी नॅशनल लीगने, म्हणजे मेजर लीगच्या ज्या गटात कार्डिनल्स आहेत त्याने, डेझिग्नेटेड हिटरचा नियम कायमचा स्वीकारल्यामुळे त्याला क्षेत्ररक्षणाविना नुसती फलंदाजी करता आली.