ख्याल ऐकायला शिकताना: आधी षड्ज, मग सम

शास्त्रीय संगीत ऐकण्याची इच्छा आहे, पण दहा मिनिटांतच मन उडून जाते, असे सांगणाऱ्यांची तक्रार बहुधा दोन गोष्टींबद्दल असते. गायक काय शब्द म्हणतो ते कळत नाही आणि कोणता राग चालला आहे ते ओळखता येत नाही. नवख्या श्रोत्याने या दोन्ही चिंता सुरुवातीचे काही महिने खुशाल बाजूला ठेवाव्यात, असे माझे मत आहे. रागाचे नाव तर निवेदकच सांगतो, आणि ते कळल्याने पुढच्या अर्ध्या तासात कानाला काही अधिक ऐकू येते असे नाही. ख्याल, म्हणजे शास्त्रीय गायनाचा आज सर्वाधिक रूढ असलेला प्रकार, ऐकताना कानाला दोन ठिकाणे पक्की सापडावी लागतात: स्वरातले ठिकाण म्हणजे षड्ज (‘सा’) आणि काळातले ठिकाण म्हणजे सम, तालाच्या प्रत्येक आवर्तनाची म्हणजे फेरीची पहिली मात्रा. गायक सतत या दोन्हींपासून दूर जातो आणि परत येतो. तो कुठून निघाला हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला परतण्यातली गंमत कळण्याचे कारण नाही.

शब्दांविषयी थोडे आधीच सांगून टाकतो. मराठी श्रोता अभंग, भावगीत आणि नाट्यपद यांवर वाढलेला असतो आणि तिथे शब्द पुढे चालतात, चाल त्यांच्या मागून येते. ख्यालात तसे नसते. बंदिशीची, म्हणजे ख्यालासाठी बांधलेल्या छोट्या गीताची, भाषा बहुधा ब्रज वळणाची असते. अस्ताईच्या (पहिल्या भागाच्या) दोन-तीन ओळी आणि अंतऱ्याच्या (दुसऱ्या भागाच्या) तितक्याच, एवढ्या मजकुरावर गायक पाऊण तास गातो. त्यामुळे ऐकण्यापूर्वी बंदिशीचे शब्द मिळाले तर एकदा वाचून घ्यावेत, ढोबळ अर्थ समजून घ्यावा आणि मग त्यांच्यामागे धावणे सोडून द्यावे.

षड्ज कानात बसवण्यासाठी तंबोऱ्याखेरीज दुसरा गुरू नाही. चार तारांच्या तंबोऱ्यात मधल्या दोन तारा जोडीच्या म्हणजे मध्य षड्जाच्या, शेवटची खर्जाची (खालच्या ‘सा’ची), आणि पहिली पंचमाची (‘प’ची) असते. रागात पंचम नसेल तर ती मध्यमावर (‘म’) किंवा निषादावर (‘नि’) लावतात. ध्वनिमुद्रण सुरू झाले की गाणे येईपर्यंतचा पहिला मिनिटभर पुढे ढकलण्याची सवय अनेकांना असते. नेमका तोच भाग नव्या श्रोत्याने दोनदा ऐकावा. फोनवर तंबोऱ्याची ॲप सहज मिळतात, मात्र फोनच्या छोट्या स्पीकरमधून खर्जाची तार जवळजवळ ऐकूच येत नाही, म्हणून बरे हेडफोन वापरावेत. रोज काही मिनिटे तंबोरा लावून ‘सा’ नुसता गुणगुणावा. आवाज चांगला असण्याची गरज नाही, तो तंबोऱ्यात मिसळतो की त्याच्याशी भांडतो एवढेच पाहायचे आहे. आपल्याकडे षड्जाची उंची ठरलेली नसते. बहुतेक पुरुषगायक पेटीवरच्या काळी एक या पट्टीच्या आसपास आणि बऱ्याच गायिका काळी चार किंवा काळी पाचच्या आसपास ‘सा’ धरतात, त्यामुळे प्रत्येक मैफलीत तो नव्याने शोधावा लागतो. सराव झाला की एक परीक्षा घ्यावी. गाणे मध्येच, गायक तार (वरच्या) सप्तकात असताना थांबवावे आणि ‘सा’ गुणगुणून पाहावा. मग पुन्हा सुरू करून तंबोऱ्याशी ताडून पाहावे. तो जुळू लागला की पहिले काम झाले.

कधी मिरजेला जाणे झाले तर तिथल्या सतारमेकरांच्या दुकानात बसून खरा तंबोरा जवळून ऐकण्याची संधी सोडू नये. मिरजेच्या सतारींना आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कारागीर घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली दोरा सरकवतो आणि तो एका विशिष्ट जागी आला की कोरडी वाटणारी तार एकाएकी भरून बोलू लागते. यालाच जवारी लागणे म्हणतात. ते एकदा डोळ्यांसमोर पाहिले, की मैफलीच्या आरंभी गायक इतका वेळ काय जुळवत बसतो, हा प्रश्न पुन्हा पडत नाही.

सम पकडण्यासाठी सुरुवात विलंबितापासून (संथ लयीपासून) करू नये. द्रुत (जलद) तीनतालातली एखादी छोटी बंदिश घ्यावी. तीनतालाच्या १६ मात्रा चार-चारांच्या चार खंडांत बसतात: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळा. आकडे मोजण्यापेक्षा डग्ग्याकडे, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या घुमणाऱ्या मोठ्या वाद्याकडे, लक्ष द्यावे. दहाव्या मात्रेपासून डग्ग्याचा घुमारा थांबतो, फक्त तबल्याच्या चाटीचा (काठाचा) कोरडा आवाज राहतो, आणि चौदाव्या मात्रेला घुमारा परत येतो. तो परतला की सम तीन मात्रांवर आहे, हे कानाला आपोआप समजू लागते. याचा उत्तम सराव गाण्यापेक्षाही एकल तबलावादनात होतो, कारण तिथे पेटीवर किंवा सारंगीवर एकच लेहरा आवर्तनामागून आवर्तन तसाच वाजत राहतो. लेहरा गुणगुणता आला म्हणजे तालाचे वर्तुळ पाठ झाले. मग तबलजी तुकडे, चक्रदार काहीही वाजवो, तो समेवर कुठे उतरणार हे आपल्याला ठाऊक असते आणि तो उतरला की आपली मान आपोआप हलते. (मान हलली नाही तर मुद्दाम हलवू नये. सभागृहात शेजाऱ्याकडे पाहून अर्धी मात्रा उशिरा मान हलवणारे श्रोते नेहमीच असतात आणि ते लगेच ओळखू येतात.)

विलंबित एकताल ही यानंतरची पायरी आणि बहुतेकांचा धीर इथेच सुटतो. मात्रा बाराच, पण लय इतकी संथ की एका आवर्तनाला कधी पाऊण मिनिट, कधी मिनिटाहूनही अधिक वेळ लागतो. इथेही मोजत बसण्यापेक्षा खूण धरावी. ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, असा आहे: धिं धिं, धागे तिरकिट, तू ना, क त्ता, धागे तिरकिट, धी ना. ‘धागे तिरकिट’ दोनदा येते, एकदा तिसऱ्या-चौथ्या मात्रेला आणि एकदा नवव्या-दहाव्या मात्रेला. दुसऱ्या वेळचे ‘तिरकिट’ ऐकू आले की ‘धी ना’ या दोनच मात्रा उरतात. याच सुमारास गायक आलाप (संथ स्वरविस्तार) आवरता घेतो आणि बंदिशीचा मुखडा उचलतो, म्हणजे पहिल्या ओळीचे ते दोन-चार शब्द, जे दर आवर्तनाला त्याला समेपर्यंत पोहोचवतात. सुरुवातीला आलापात काय घडते याची फिकीर न करता केवळ या एका जागेची वाट पाहावी. गायक ‘तिरकिट’ होऊन गेले तरी आलापातच रेंगाळला आहे, मुखड्याला पुरेशी जागा उरलेली दिसत नाही, तबलजी त्याच्याकडे पाहतो आहे, आणि मग शब्द किंचित दाबून, एखादा अक्षरभर अंतर चोरून तो नेमका ‘धिं’वर येतो. ख्यालातले निम्मे नाट्य या शेवटच्या तीन मात्रांत असते.

आता राग. एकच राग घ्यावा आणि तोच महिना-दोन महिने ऐकावा. मी भूप सुचवतो. सा रे ग प ध (षड्ज, रिषभ, गंधार, पंचम, धैवत) असे पाचच स्वर, सगळे शुद्ध, आणि मराठी कानाला तो अनोळखी नाही. १९१६ साली रंगभूमीवर आलेल्या ‘संगीत स्वयंवर’मधले ‘सुजन कसा मन चोरी’ हे भास्करबुवा बखले यांच्या चालीचे पद भूपातलेच आहे. त्या पदापासून आरंभ करावा आणि मग किशोरी आमोणकरांच्या ‘सहेला रे’ या तीनतालातल्या बंदिशीकडे यावे. हे दोन्ही परिचयाचे झाले की विलंबित ख्याल ऐकायला बसावे.

विलंबितात गायक जे करतो त्याला बढत म्हणतात. तो मध्य षड्जाच्या आसपास सुरुवात करतो, खाली मंद्र सप्तकातल्या धैवत-पंचमापर्यंत उतरून येतो आणि मग एकेक स्वर घेत वर चढतो. भूपात त्याचा मुक्काम गंधारावर असतो. रिषभावरून किंवा पंचमावरून तो पुन्हा पुन्हा ‘ग’वर येऊन थांबेल. श्रोत्याने प्रत्येक आवर्तनात स्वतःला एकच प्रश्न विचारावा: या वेळी गायक आतापर्यंत न लागलेल्या कोणत्या स्वरापर्यंत गेला? स्वरांची नावे सांगता आली नाहीत तरी हरकत नाही, ‘मघापेक्षा एक पायरी वर’ एवढे जाणवले तरी पुरे. पंचम, धैवत करत करत तार षड्जाच्या दाराशी येऊन गायक तो न लावताच मागे फिरतो, दोनदा, तीनदा, आणि शेवटी लावतो, तेव्हा सभागृहात जो हुंकार उठतो तो सौजन्याचा नसतो. पंधरा-वीस मिनिटे सगळे त्या स्वराची वाट पाहत असतात. अंतरा साधारणपणे तिथूनच सुरू होतो. पुढे बोलआलाप (बंदिशीच्या शब्दांवरचे आलाप), सरगम (स्वरांची नावे घेत गाणे), बोल-ताना (शब्दांवरच्या ताना), ताना (वेगवान स्वरमालिका) हे क्रमाने येतात आणि तो भाग नव्या श्रोत्यालाही सहज आवडतो, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही. फक्त तानेच्या वेगाला भुलून तिच्या आधीचा अर्धा तास टाळू नये.

कोणाचे गाणे आधी ऐकावे, यावर जाणकारांत वाद आहेत. स्वरास्वराने होणारी बढत समजून घ्यायची असेल तर किराणा घराण्याचे गाणे सोयीचे, म्हणजे हिराबाई बडोदेकर, गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी. जयपूर-अत्रौलीच्या परंपरेतले मोगूबाई कुर्डीकर आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांचे गाणे तुलनेने चढ्या लयीत चालते, सम लवकर लवकर येते, पण स्वरवाक्ये लांब आणि गुंतागुंतीची असतात, शिवाय अनवट (क्वचित गायल्या जाणाऱ्या) रागांची ओढ मोठी. म्हणून ते दुसऱ्या टप्प्यावर ठेवावे. अमीर खाँसाहेबांचा झूमरा तालातला अतिविलंबित ख्याल घाईने ऐकू नये. आणखी एक मार्ग फार कमी जण वापरतात, तो जुन्या ७८ गतीच्या तबकड्यांचा. तीन-साडेतीन मिनिटांत सारे बसवायचे असल्याने अब्दुल करीम खाँ, केसरबाई केरकर यांनी त्यांत एकही स्वर वाया घालवलेला नाही. अवधी लहान म्हणून एकच तबकडी सलग पाच वेळा ऐकता येते, प्रत्येक वेळी वेगळ्या गोष्टीकडे लक्ष देऊन: एकदा फक्त ठेका, एकदा फक्त षड्ज, एकदा नुसता मुखडा. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेली केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी याच मापाची आहे.

घरी ऐकण्याची कितीही सवय झाली तरी प्रत्यक्ष मैफलीला पर्याय नाही. १९५३ पासून पुण्यात होणारा सवाई गंधर्व महोत्सव प्रसिद्ध आहे आणि तिथे एकदा जरूर जावे, परंतु शिकण्यासाठी शंभर-दोनशे माणसांची बैठक अधिक उपयोगी. कोल्हापूरच्या देवल क्लबसारख्या जुन्या संस्था आणि गावोगावची संगीत मंडळे अशा बैठका भरवतात, बऱ्याच ठिकाणी प्रवेशही विनामूल्य असतो. तबलजीचे हात दिसतील अशी जागा धरावी. हाताने ताल द्यायचा तर मांडीवर, आवाज न करता द्यावा. उठायचे असेल तर दोन रागांच्या मध्ये उठावे, विलंबित चालू असताना नव्हे. दाद द्यावीशी वाटली तर ती समेवर किंवा स्वर लागल्याच्या क्षणी सहज निघते, आणि निघाली नाही तर गप्प बसण्यातही काही कमीपणा नाही. दर तानेला टाळ्या वाजवणे मात्र टाळावे, कारण त्या आवाजात पुढची सम बुडते.

भूप अंगवळणी पडला की देसकार ऐकावा. स्वर अगदी तेच पाच, पण भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा आणि देसकार सकाळचा. भूपाचा मुक्काम गंधारावर, तर देसकाराचा धैवतावर, आणि सारी हालचाल सप्तकाच्या वरच्या भागात. राग म्हणजे केवळ स्वरांची यादी नव्हे, हे व्याख्येपेक्षा या जोडीतून लवकर कळते. त्यानंतर यमन घ्यावा. तिथे तीव्र मध्यम आणि निषाद नव्याने येतात आणि जवळजवळ प्रत्येक मोठ्या कलावंताचे ध्वनिमुद्रण उपलब्ध असल्याने तुलनेला भरपूर वाव मिळतो.

मारवा, पूरिया आणि सोहनी या एकाच स्वरसमूहातल्या तिघांकडे मात्र बऱ्याच उशिरा वळावे. मारव्यात गायक कोमल रिषभावर आणि धैवतावर इतका रमतो आणि षड्जाला इतका टाळतो, की कच्च्या कानाचा ‘सा’ हातातून निसटतो आणि धैवतच षड्ज वाटू लागतो. तसे झाले तर गाणे थांबवावे, तंबोरा तेवढा वेगळा लावून ‘सा’ पुन्हा गुणगुणावा आणि मगच पुढे ऐकावे.