यूएसबी केबल काढली की कर्नल पॅनिक: माझा अनुभव

अंबडच्या कारखान्यात तापमान नोंदवणाऱ्या बोर्डाची केबल काढली की अधूनमधून लिनक्स कोसळायचं. ड्रायव्हर आमचाच. रॅम बदलली, रात्रभर मेमटेस्ट चालवली, केफ्रीनंतर (हे मेमरी मोकळी करणारं कर्नलचं फंक्शन) पॉइंटर नल केला, फरक शून्य. तीन आठवडे डोकं बधिर झालं होतं.

स्लब_डीबग=एफझेडपीयू (मेमरीच्या चुका शोधायचा कर्नलचा पर्याय) देऊन बूट केलं, तेव्हा कोसळताना प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये ६बी६बी६बी६बी दिसलं. या पर्यायात कर्नल मोकळ्या केलेल्या मेमरीत ६बी भरून ठेवतो. म्हणजे मोकळी केलेली मेमरी कुणीतरी वापरतंय. कासान (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं कर्नलचं साधन) चालू करून कर्नल पुन्हा बिल्ड केला आणि रिपोर्टमध्ये दोन्ही टोकं सापडली: मेमरी डिसकनेक्टमध्ये (केबल काढल्यावर चालणारं ड्रायव्हरचं फंक्शन) मोकळी झाली, वाचली डिलेड वर्कने (थोड्या वेळाने चालवायला ठेवलेलं काम).

आम्ही वापरलेलं कॅन्सल_डिलेड_वर्क हे आधीच चालू झालेलं काम संपायची वाट पाहत नाही, खरी मेख तिथे. आता डिसकनेक्टमध्ये आधी कॅन्सल_डिलेड_वर्क_सिंक (हे वाट पाहतं), मग यूएसबी_किल_यूआरबी (यूआरबी म्हणजे यूएसबीवरची डेटाची विनंती, ती हे थांबवतं), शेवटी केफ्री. पहिल्या दोघांचा क्रम उलटवू नका. आमचं वर्कच यूआरबी पाठवतं, ते मारलेला यूआरबी पुन्हा पाठवेल. कासान चालू ठेवून २०० वेळा केबल काढली-लावली. एकही रिपोर्ट आला नाही.