छत्रीचं पेटंट आहे का, हे देशोदेशी शोधायचं कसं

मागच्या पावसाळ्यात दादरच्या पुलावर भाच्याच्या छत्रीचा कावळा झाला आणि तिथेच त्याला काड्यांच्या सांध्यात स्प्रिंग बसवायचं सुचलं. "मामा, बाजारात कुठेच नाहीये, पेटंट टाकूया ना?" म्हटलं थांब जरा, बाजारात नसलं तरी कुणीतरी वीस वर्षांपूर्वी कागदावर मांडून ठेवलेलं असू शकतं, आणि आपल्याकडे पेटंट मिळायला वस्तू जगात कुठेच आधी छापलेली नसावी लागते, चीनमधला जुना कागदसुद्धा आडवा येतो. म्हणून फक्त भारतात शोधून भागत नाही. आणि हो, तोवर आयडियाचा व्हिडिओ कुठेही टाकायचा नाही, आपलाच व्हिडिओ आपल्याला नडतो.

सुरुवात एस्पेसनेटवर करा, युरोपियन पेटंट ऑफिसचा फुकट डेटाबेस आहे, १०० हून जास्त देशांचे कागद त्यात आहेत. पण नुसतं 'अंब्रेला' टाकून बसू नका, कुणी 'पॅरासोल' लिहितं, कुणी 'कॅनोपी', आणि चिनी, जपानी तर वेगळंच. खरी किल्ली म्हणजे क्लासिफिकेशन कोड. दोन-तीन जवळचे कागद उघडा, त्यांच्यावर सीपीसी कोड, म्हणजे पेटंटांच्या विषयवार वर्गवारीचे नंबर, लिहिलेले असतात. आम्हाला ए४५बी २५/२२ मिळाला, म्हणजे वाऱ्यात टिकणारी छत्री. तो इंग्रजी अक्षरांत टाकून शोधला की भाषेची भिंतच पडते, आणि मग चित्रं बघत जायचं, चित्राला भाषा लागत नाही.

तोच कोड गुगल पेटंट्सवर टाका, तिथे चिनी मजकूर इंग्रजीत वाचायला मिळतो. तुमच्या आयडियाच्या सगळ्यात जवळचा कागद सापडला की त्याने कुणाचा हवाला दिलाय आणि त्याचा हवाला पुढे कुणी दिलाय ते दोन्ही बघा, निम्मं घबाड तिथेच मिळतं. पीसीटी अर्जांसाठी, म्हणजे एकाच अर्जातून अनेक देशांत पेटंट मागणाऱ्यांसाठी, विपोचं (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचं) पेटंटस्कोप, आपल्या देशासाठी भारतीय पेटंट ऑफिसचं इनपास.

एकाच शोधाचे अमेरिका, जपान, भारत असे वेगवेगळे नंबर दिसले की घाबरू नका, ती एकच फॅमिली असते. त्यात भारताचा नंबर नसेल तर ते पेटंट इथे लागू नाही, पण नवेपणा मात्र तरीही गेलेला असतो, ही गल्लत फार जण करतात.

आणि क्लेम वाचा, म्हणजे पेटंटात नेमका कशावर हक्क मागितलाय ती कलमं, कृपा करून क्लेम वाचा, नुसत्या सारांशावर जाऊ नका. पहिल्या क्लेममधला एकेक भाग वहीत उतरवा आणि समोर आपला भाग लिहा. अर्ज साधारण १८ महिन्यांनी छापला जातो, म्हणजे गेल्या दीड वर्षातले बरेचसे दिसणारच नाहीत, म्हणून अर्ज टाकायच्या आधी परत एकदा शोधा.

भाच्याला एक चिनी युटिलिटी मॉडेल (छोट्या सुधारणांसाठीचं धाकटं पेटंट) सापडलं, स्प्रिंग तीच, पण दांड्याजवळ. याची काडीच्या मधल्या सांध्यात आहे. तेवढा फरक वहीत लाल पेनाने लिहून तो आता पेटंट एजंटकडे निघालाय.