ईसीएम बदलायच्या आधी हे चेक करा
नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की गाडी मधेच बंद पडते, चेक इंजिनचा लाईट लागून राहतो आणि गॅरेजवाला लगेच म्हणते ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेला, पण थांबा जरा, एवढा महागडा पार्ट असा अंदाजानं बदलू नका.

आधी बॅटरी बघा, गाडी बंद असताना 12.6 व्होल्टच्या आसपास पाहिजे. मग अर्थच्या वायरी, बोल्ट खोलून पांढरी-हिरवी बुरशी असली तर घासून साफ करा, बऱ्याच गाड्या इथंच ठीक होतात. बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावून पी0606 (ईसीएमच्या प्रोसेसरचा बिघाड) सारखा कोड आला तर संशय ईसीएमवर, पण एकदम चार-पाच सेन्सरचे कोड आले तर ईसीएमकडून सेन्सरना जाणारी 5 व्होल्टची लाईन मोजा, कमी दिसली तर एकेक सेन्सरचा प्लग काढत जा, ज्याचा काढल्यावर 5 व्होल्ट परत येतात तो सेन्सर शॉर्ट आहे, ईसीएम बिचारा चांगलाच असतो.

खरंच बदलायचा असला तर बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा, पार्ट नंबर अक्षर न अक्षर जुळवा. आणि इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय गाडी स्टार्ट न होऊ देणारी चोरीविरोधी सिस्टीम) असलेल्या गाडीत चावीची प्रोग्रामिंग करावीच लागते, नाहीतर गाडी स्टार्टच होत नाही, म्हणून जुना ईसीएम घेण्याआधी हे कोण करून देणार ते पक्कं विचारा.