ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरतं : गॅरेजात नव्याने आलेल्यांसाठी

जॉब कार्डवर नुसतं ‘स्टेअरिंग व्हॉबलिंग’ असं लिहिलेलं असतं. आयटीआय करून नुकताच आलेला मुलगा ते वाचतो, चाक खोलतो, ब्रेक डिस्कवर (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती) बोट फिरवतो आणि मिस्त्रींना सांगतो, ‘डिस्क गेली.’ बऱ्याचदा डिस्क खरंच गेलेली असते. पण ती का गेली हे न बघता नवी बसवली, तर काही हजार किलोमीटरनंतर तीच गाडी तीच तक्रार घेऊन परत दारात उभी राहते. तेव्हा ग्राहकाशी बोलायची वेळ आपल्यावर येते, पार्ट विकणाऱ्यावर नाही.

मी कोल्हापुरात काम करतो. इथल्या गाड्या आंबा घाट किंवा गगनबावड्याचा करूळ घाट उतरून कोकणात जातात. सुट्ट्या संपल्या की ही तक्रार आमच्याकडे हमखास येते. त्यामुळे हे दुखणं बरंच हाताखालून गेलंय.

चाकाला हात लावण्याआधी ग्राहकाला बोलतं करा. ब्रेक न मारता 80-90 च्या स्पीडला गाडी थरथरते का? थरथरत असेल तर आधी व्हील बॅलन्सिंग, वाकलेला रिम आणि फुगा आलेला टायर बघा, ब्रेकच्या वाटेला नंतर जा. फक्त ब्रेक दाबल्यावरच होतं का? हलका दाबला तरी होतं की जोरात दाबल्यावरच? गाडी थंड असताना होतं की घाट उतरल्यावरच? आणि नक्की काय हलतं, स्टेअरिंग, सीट की पेडल? स्टेअरिंग हलत असेल तर संशय पुढच्या चाकांवर. सीट आणि बॉडी हलते पण स्टेअरिंग शांत आहे, असं असेल तर मागचे ड्रम बघा.

आणखी एक प्रश्न विसरू नका : शेवटचं चाक कधी खोललं होतं? पंक्चर काढलं, टायर बदलले आणि त्यानंतर थरथर सुरू झाली, असं उत्तर आलं तर अर्धं काम तिथेच झालं. एअर गनने नट मन मानेल तसे आवळले की एक नट कचकून, दुसरा सैल असं होतं आणि डिस्क हबवर (ज्यावर चाक आणि डिस्क बसते तो मधला भाग) तिरकी दाबली जाते. आधी नट सैल करून समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क रेंचने आवळा. आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या, अंदाजाने नको.

एबीएसचीही (जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) गल्लत होते. एप्रिल 2019 पासून नव्या कारला एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे आता बहुतेक गाड्यांत ते असतं. वाळूवर किंवा ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारला की पेडल पायाखाली थडथडतं आणि गुर्र आवाज येतो. तो दोष नाही, एबीएस आपलं काम करतंय.

यानंतर टेस्ट ड्राइव्ह, आणि ती स्वतः मारा. मोकळा, सरळ रस्ता बघून 100 च्या आसपास जा आणि ब्रेक एकसारखा, मध्यम दाबून 40 पर्यंत या. थरथर एका ठरावीक पट्ट्यात वाढते आणि खाली विरते. याचं कारण साधं गणित आहे. 165/80 आर14 टायरचा घेर सुमारे 1.95 मीटर. 80 च्या स्पीडला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला 11 च्या वर फेरे घेतं. डिस्कवर एक पातळ जागा असेल तर सेकंदाला तेवढेच धक्के बसतात आणि स्टेअरिंग साधारण त्याच लयीत सहज डोलायला लागतं. स्पीड कमी झाला की लय सुटते. ‘चाळीसला काहीच होत नाही’ असं ग्राहक म्हणाला, तर तो खोटं बोलत नाही.

मागच्या ड्रमचा संशय असेल तर रिकाम्या रस्त्यावर 40 च्या आत, बटण दाबून धरून हँडब्रेक हळूहळू ओढा. हँडब्रेक मागच्याच चाकांना लागतो, त्यामुळे थरथर आली तर ड्रम अंडाकृती झालाय असं समजा. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेकच्या गाडीवर हा प्रयोग अजिबात करू नका.

परत आल्यावर पुढच्या दोन्ही डिस्कचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने बघा. एक डिस्क दुसरीपेक्षा खूप तापली असेल तर त्या बाजूचा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अडकतोय : पिस्टन गंजलाय किंवा स्लाइड पिनचं ग्रीस सुकलंय.

आता गाडी वर घ्या. वरती-खालती धरून चाक हलवा, मग डावी-उजवीकडे धरून हलवा. बेअरिंग, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड यांत खेळ आहे का बघा. लोअर आर्मचा बुश फाटलाय का ते टॉमी (लोखंडी पहार) लावून तपासा. थरथर जन्माला येते डिस्कवर, पण ढिला बुश ती हातापर्यंत मोठी करून आणतो. काही वेळा बुश बदलला की तक्रार निम्म्याने कमी होते आणि सगळे खूश होतात. डिस्क मात्र तशीच राहते.

खरं काम इथून पुढे. डिस्क उष्णतेने वाकते अशी समजूत सगळीकडे आहे, पण तसं क्वचितच होतं. बहुतेक वेळा डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. ती हबवर अगदी किंचित तिरकी बसलेली असते, फिरताना डोलते, आणि ब्रेक न मारताही दर फेऱ्याला पॅडला एकाच जागी घासते. हजारो किलोमीटर असं घासून ती जागा पातळ होते. दुसरा प्रकार घाटातला : डिस्क लालबुंद तापलेली असताना गाडी थांबवून ब्रेक दाबूनच ठेवला, तर पॅडचा माल त्या जागी डिस्कला चिकटतो. दोन्हीत फरक असतो मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. 0.02 मिमीचा फरकही स्टेअरिंगवर जाणवू शकतो. तो डोळ्याला दिसत नाही आणि बोटाला कळत नाही. म्हणून मायक्रोमीटर.

बाहेरच्या कडेपासून साधारण 10 मिमी आत, गोलाकार आठ ठिकाणी जाडी मोजा आणि खडूने डिस्कवरच लिहा. आठही आकडे कडेपासून सारख्याच अंतरावर घेतले नाहीत तर त्यांना अर्थ नाही. मग डायल गेज. मॅग्नेटिक बेस नकलवर (हब धरून ठेवणारा, न फिरणारा भाग) घट्ट बसवा, डिस्क सगळ्या नटांनी वॉशर घालून आवळा, टोक त्याच वर्तुळावर टेकवा आणि डिस्क हाताने सावकाश एक फेरा फिरवा. सुई किती सरकते ते बघा, तोच डिस्कचा डोल. बऱ्याच कंपन्या 0.05 ते 0.10 मिमीपर्यंत चालवून घेतात. तुमच्या गाडीची मर्यादा मॅन्युअलमध्ये मिळेल. सुई जास्त सरकली तर सर्वांत उंच जागेवर आणि तिथल्याच हबच्या बोल्टवर खूण करा, डिस्क काढा आणि हबचा चेहरा बघा. कोकणातून आलेल्या गाडीत तिथे गंजाचे पापुद्रे असतातच. तारेच्या ब्रशने हब लख्ख करा, मग डिस्क एक भोक पुढे सरकवून बसवा आणि पुन्हा मोजा. नुसत्या साफसफाईने आकडा निम्म्यावर आलेला मी अनेकदा पाहिलाय. उंच जागा डिस्कबरोबर सरकली तर दोष डिस्कचा. हबवरच्या खुणेशीच राहिली तर दोष हबचा किंवा बेअरिंगचा, आणि तिथे नवी डिस्क लावून पैसे वाया जातात.

बीडाची (कास्ट आयर्नची) डिस्क लेथवर फेस मारून, म्हणजे पृष्ठभाग थोडा कापून सपाट करून घेता येते. लेथवाल्यांचं उद्यमनगर हाताशी असल्याने आमच्याकडे ते सोपंय. पण डिस्कच्या अंगावर कमीत कमी जाडी कोरलेली असते. फेस मारल्यावर जाडी त्याच्या वर राहिली पाहिजे, नाहीतर सरळ जोडी बदला. लेथवाल्याने चकमध्ये डिस्क वाकडी धरली तर तो नवाच डोल कापून देतो, तेव्हा परत आल्यावरही डायल लावायचाच. माझ्या मते जाडी काठावर आलेली जुनी डिस्क घासून चार पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

फेस मारलेल्या किंवा नव्या डिस्कवर जुने पॅड घालू नका. पॅड बसवल्यावर 60 वरून 20 पर्यंत मध्यम ब्रेक मारून गाडी हळू करा, पण पूर्ण थांबवू नका. असं आठ-दहा वेळा, मध्ये डिस्कला वारा मिळू द्या. घाई करून गरम डिस्कवर गाडी थांबवून धरली तर चिकटण्याचा तोच प्रकार पहिल्याच दिवशी सुरू होतो. ग्राहकालाही हे सांगा : घाट उतरताना खालचा गिअर ठेवा, आणि उतरल्या उतरल्या धाब्यावर तापलेल्या चाकांवर पाण्याचा पाइप मारून घेऊ नका.

शेवटी डोलाचा आणि जाडीचा आकडा, डावी-उजवी बाजू आणि किलोमीटर जॉब कार्डवर लिहून ठेवा. पुढच्या सर्व्हिसला चाक खोललं की तिथेच पुन्हा मोजा. डोल ठीक असूनही जाडीचा फरक वाढत असेल तर कॅलिपरच्या पिन पुन्हा काढून बघा.