खोकी उघडण्याआधी: नेटवर्कच्या यंत्रांसाठी खोली कशी तयार करावी

स्विच (नेटवर्कच्या केबली एकमेकांना जोडणारं यंत्र, विजेचं बटण नव्हे), राउटर, पॅच पॅनेल (भिंतीतल्या केबली जिथे येऊन संपतात ती पट्टी) रॅकमध्ये, म्हणजे यंत्रं बसवायच्या उभ्या लोखंडी चौकटीत, चढवायला दोन हुशार माणसांना एखादा दिवस पुरतो. खोली तयार करायला मात्र दोन-तीन आठवडे लागतात, आणि काटछाट करायची वेळ आली की नेमके तेच आठवडे कापले जातात. त्याचा हिशेब पुढे कधीतरी चुकवावाच लागतो.

एका ठिकाणी मुख्य स्विच रोज दुपारी अडीचच्या सुमारास बंद पडून आपोआप पुन्हा सुरू व्हायचा. आठवडाभर आम्ही कॉन्फिगरेशन चाळलं, सॉफ्टवेअर बदललं, केबली उपटून पुन्हा लावल्या. शेवटी वैतागून झाकण उघडलं. पंख्याच्या पात्यांवर पांढरा थर बसला होता, बोट फिरवलं की रेघ उमटेल इतका जाड. रॅक उभा राहिल्यावर फॉल्स सिलिंगवाले येऊन गेले होते आणि जिप्समची सगळी भुकटी चालू पंख्यांनी आत ओढून घेतली होती. दुपारी खोली तापली की स्विच स्वतःला वाचवायला बंद पडायचा, इतकंच. तेव्हापासून मी कामाचा क्रम कुणासाठीही बदलत नाही: धूळ उडवणारी कामं सगळ्यात आधी, मग वीज आणि थंडावा, मग सफाई, आणि यंत्रं सगळ्यात शेवटी.

जागा ठरवताना

आधी वर बघा. छतावरून पाण्याचा किंवा सांडपाण्याचा पाइप जात असेल, वरच्या मजल्यावर न्हाणीघर असेल, तर ती खोली सोडून द्या. "पाइप नवा आहे, गळणार नाही" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. लिफ्टची मोटर किंवा ट्रान्सफॉर्मर भिंतीला लागून नको. खिडकी नसलेली, बाहेरच्या उन्हाची भिंत नसलेली आतली खोली सर्वांत बरी.

मग अंतर मोजा. तांब्याच्या इथरनेट केबलला एकूण १०० मीटरची मर्यादा असते: भिंतीतून जाणारी पक्की केबल ९० मीटर आणि दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड, म्हणजे सुट्या छोट्या केबली, मिळून १० मीटर. हे अंतर नकाशावर पट्टी ठेवून मोजायचं नसतं. केबल वर छतापर्यंत चढते, केबली धरणाऱ्या ट्रेमधून वळसे घेत जाते, पुन्हा खाली उतरते, ती सगळी लांबी धरायची. म्हणून खोली इमारतीच्या एका टोकाला असण्यापेक्षा मधोमध असलेली सोयीची.

रॅकचं माप ठरलेलं असतं. त्यात बसणाऱ्या यंत्राच्या पुढच्या पट्टीची रुंदी १९ इंच, आणि उंची 'यू'मध्ये मोजतात. एक यू म्हणजे ४४.४५ मिमी. ४२ यूचा रॅक चौकटीसकट साधारण दोन मीटर उंच भरतो. तो पॅकिंगसह लिफ्टमध्ये मावतो का, जिन्याच्या वळणावर फिरतो का, खोलीच्या दारातून आत येतो का, हे तीन प्रश्न खरेदीच्या आधी सुटायला हवेत. दार किमान ९० सेंटिमीटर रुंद आणि बाहेर उघडणारं ठेवा.

रॅकच्या पुढे आणि मागे साधारण मीटरभर मोकळी जागा हवी. कागदावर ती नेहमीच पुरेशी दिसते. खरी परीक्षा अशी: खडूने फरशीवर रॅकचा चौकोन आखा, त्याच्या मागे जाऊन उकिडवे बसा, हातात पाना धरलाय असं समजून कोपर मागे न्या. कोपर भिंतीला लागलं तर रॅक पुढे सरकवा. भरलेल्या रॅकचं वजन कित्येकशे किलो होतं आणि ते चार पायांवर येतं, तेव्हा स्लॅबला ते पेलेल का, हे इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या.

तोडफोड आणि भोकं

भिंतीला ओल आहे की नाही याची शंका आली तर प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही कडांनी टेप लावून भिंतीवर घट्ट चिकटवा आणि दिवसभर-रात्रभर तसाच ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला दव दिसलं तर ओल भिंतीतूनच येतेय. बाहेरच्या बाजूला दिसलं तर दोष खोलीतल्या हवेचा. दोन्हींवरचा उपाय वेगळा असतो, म्हणून हा एक दिवस जरूर घालवा.

उघडं काँक्रीट सतत बारीक भुकटी सोडत राहतं. त्यावर इपॉक्सीचा थर द्या किंवा अँटीस्टॅटिक व्हिनाइल अंथरा. गालिचा अजिबात नको. तो धूळही धरतो आणि चालताना अंगावर स्थिर वीजही साठवतो.

जितकी भोकं पाडायची आहेत तितकी याच टप्प्यात पाडून घ्या: रॅकचे अँकर बोल्ट, केबल ट्रेचे आधार, एसीचे पाइप, कॅमेऱ्याचं ब्रॅकेट, सगळं. ड्रिल चालू असताना दुसऱ्या माणसाने व्हॅक्यूमचं तोंड भोकाला लावून धरायचं. ट्रे कापायचा असेल तर खोलीबाहेर कापा. लोखंडाचा कीस डोळ्याला दिसतही नाही, पण सर्किट बोर्डवरच्या दोन पायांमध्ये जाऊन बसला की शॉर्ट झालाच म्हणून समजा.

केबली ओढून झाल्यावर भिंतीतली भोकं आगरोधक सीलंटने बुजवायची. नेहमीचा फवारायचा फोम चालत नाही, तो स्वतःच जळतो. आणि किरकोळ फट म्हणून एकही सोडू नका. लहान उंदराला सहा मिलिमीटरची फट पुरते, आणि केबलच्या आवरणावर दात घासायला त्याला फार आवडतं.

वीज आणि अर्थिंग

हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचंच आहे, पण त्याच्याकडून काय करून घ्यायचं हे आपल्याला माहीत हवं.

रॅकसाठी मुख्य बोर्डापासून स्वतंत्र लाइन घ्या, जिच्यावर एसी, पंप, फोटोकॉपी मशीन असलं काहीही नाही. दोन पॉवर सप्लाय असलेला स्विच घेतला असेल तर ते दोन वेगवेगळ्या लाइनींवर जायला हवेत. दोन्ही वायरी एकाच पट्टीत खोचलेल्या मी इतक्या ठिकाणी पाहिल्यात की आता नवलही वाटत नाही. मग दुसऱ्या सप्लायचे पैसे कशाला मोजले? एक्स्टेन्शन बोर्डाला दुसरा एक्स्टेन्शन बोर्ड जोडणं तर सरळ बंद.

अर्थिंगबद्दल एक गैरसमज फार चिवट आहे. यंत्रांसाठी 'स्वच्छ' अर्थिंग म्हणून वेगळा खड्डा खणायचा आणि तो इमारतीच्या अर्थिंगला मुद्दाम जोडायचा नाही, असं काही जण अजूनही छातीठोकपणे सांगतात. हे धोक्याचं आहे. जवळपास वीज कोसळली की त्या दोन अर्थिंगांमध्ये प्रचंड व्होल्टेजचा फरक तयार होतो आणि तो यंत्रांतूनच वाट काढतो. खोलीत तांब्याची एक पट्टी बसवा, ती इमारतीच्या मुख्य अर्थिंगला जाड तारेने जोडा, आणि रॅक, केबल ट्रे, यूपीएसची बॉडी सगळं त्या एका पट्टीवर आणा.

जोडताना एक बारीक गोष्ट हमखास राहते. रॅकला पावडर कोटिंगचा रंग असतो आणि त्यातून वीज वाहत नाही. बोल्ट कितीही आवळला तरी लग, म्हणजे अर्थिंगच्या तारेच्या टोकाचं धातूचं कडं, रंगावरच बसलेला असतो. बोल्टच्या जागेवरचा रंग खरवडून चकचकीत धातू उघडा करा किंवा दातेरी वॉशर घाला, आणि मग मल्टिमीटर लावून रॅकच्या चौकटीपासून तांब्याच्या पट्टीपर्यंतचा रोध बघा. तो जवळजवळ शून्य यायला हवा.

यूपीएसची बॅटरी साधारण २५ अंश सेल्सिअसला धरून बनवलेली असते. त्यावर दर दहा अंश वाढले की तिचं आयुष्य ढोबळमानाने अर्धं होतं. म्हणून यूपीएस दाराबाहेरच्या गरम कोनाड्यात ढकलून रॅकची जागा वाचवणं शेवटी महागच पडतं.

थंडावा

यंत्राने घेतलेली वीज जवळजवळ सगळी उष्णता होऊन खोलीत परत येते, त्यामुळे गणित सोपं आहे. एका वॅटला ताशी ३.४१ बीटीयू (उष्णता मोजायचं एकक). रॅकमध्ये २००० वॅट जळत असतील तर ताशी ६,८०० बीटीयू उष्णता बाहेर काढायची. एक टन एसी म्हणजे ताशी १२,००० बीटीयू. त्यात यूपीएसची उष्णता, भिंती, माणसं मिळवा आणि वाढीला थोडी जागा ठेवा. फोन आणि कॅमेऱ्यांना केबलीतूनच वीज पुरवणारे पीओई स्विच असतील तर त्यांच्या माहितीपत्रकावर लिहिलेले सगळे वॅट इथे धरू नका. बरीचशी वीज त्या दूरच्या यंत्रांपाशी खर्च होते.

यंत्राच्या तोंडाशी जाणारी हवा १८ ते २७ अंशांच्या मध्ये असावी, हे अमेरिकेतल्या 'ॲश्रे' या अभियंत्यांच्या संस्थेने सुचवलेलं मान सगळीकडे वापरतात. दमटपणा ४० ते ६० टक्क्यांच्या आसपास ठेवला की निभतं. फार कोरडी हवा स्थिर वीज वाढवते, फार ओली हवा गंज.

एसी विकत घेणं सोपं, जागेवर बसवणं अवघड. त्याचं आतलं युनिट रॅकच्या डोक्यावर कधीही लावू नका. निचऱ्याची नळी एक ना एक दिवस तुंबतेच आणि पाणी थेट स्विचवर टपकतं. इमारतीच्या मध्यवर्ती एसीवर अवलंबून असाल तर तो रात्री आणि सुट्टीच्या दिवशी बंद होतो का, हे आधी विचारा. बहुतेक ठिकाणी होतो. शिवाय स्विच घेताना त्याचे पंखे हवा कुठून कुठे ढकलतात हे बघा. पुढून मागे आणि मागून पुढे असे दोन्ही प्रकार मिळतात, आणि एकाच रॅकमध्ये ते मिसळले तर एकाचा गरम श्वास दुसऱ्याच्या नाकात जातो.

सफाई, दोनदा

झाडू आणि फडफडवायचं फडकं खोलीबाहेर ठेवा. त्यांनी धूळ जात नाही, फक्त जागा बदलते. साधा व्हॅक्यूम क्लीनरही मोठी धूळ खातो आणि बारीक धूळ मागून सोडतो. हेपा फिल्टरवाला आणा, तो ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो.

वरून खाली या: छत, ट्रे, भिंती, शेवटी फरशी. मग घट्ट पिळलेल्या मायक्रोफायबर कापडाने पुसून घ्या. दार बंद करून एक दिवस थांबा, कारण हवेत तरंगणारी धूळ सावकाश खाली बसते. दुसऱ्या दिवशी हेच सगळं पुन्हा. झाल्यावर दिवे बंद करा आणि टॉर्च फरशीला टेकवून आडवा प्रकाश सोडा. वरून लख्ख दिसणाऱ्या फरशीवर काय काय उरलंय ते तेव्हा कळतं. उंबऱ्याशी चिकट चटई टाका.

दिवे, कुलूप आणि अग्निशामक याच वेळी उरकून घ्या. दिव्यांची रांग रॅकच्या डोक्यावर नको, पुढच्या आणि मागच्या मोकळ्या पट्ट्यांवर हवी. चाव्या मोजक्याच माणसांकडे. अग्निशामक कार्बन डायऑक्साइडचा किंवा क्लीन एजंटचा (मागे काही न ठेवणाऱ्या वायूचा) घ्या. कोरड्या भुकटीचा वापरला तर आगीतून वाचलेली यंत्रं भुकटी गंजवते. कार्बन डायऑक्साइड लहान खोलीतला प्राणवायू हटवतो, म्हणून वापरल्याबरोबर बाहेर पडायचं आणि दार लावायचं.

यंत्रं आली

आता कुठे खोकी. गोदामातली थंड यंत्रं उबदार खोलीत लगेच उघडली तर आत दव धरतं, म्हणून ती बंद खोक्यातच काही तास, जमल्यास रात्रभर राहू द्या. पुठ्ठा आणि थर्माकोल बाहेरच्या खोलीत उतरवा. पुठ्ठ्याचे तंतू आत आले की दोन दिवसांची सफाई फुकट गेली.

अंगठी, घड्याळ, गळ्यातलं काढून ठेवा. कार्ड किंवा मॉड्यूल हातात घेण्याआधी मनगटाला अँटीस्टॅटिक पट्टा बांधा आणि त्याची क्लिप रॅकच्या रंग नसलेल्या धातूला लावा. आपल्याला चटका जाणवतो तो ३,००० व्होल्टच्या आसपास. काही नाजूक भाग १०० व्होल्टच्या आतच मरतात. म्हणजे चटका लागला नाही याचा अर्थ काही बिघडलं नाही असा होत नाही. पट्ट्यात १ मेगाओमचा रोधक असतो, चुकून चालू तारेला हात लागला तर अंगातून जाणारा प्रवाह त्याने मर्यादित राहतो. म्हणूनच पट्टा नाही म्हणून मनगटाला साधी तार गुंडाळणं हा जिवाशी खेळ आहे.

रॅक आधी जमिनीला पक्का करा. जड यंत्रं तळाशी, हलकी वर. मोठं चेसिस, म्हणजे यंत्राचा सांगाडा, दोघांनी उचलायचं आणि तळाशी हात घालून उचलायचं. पॉवर सप्लायची मूठ फक्त सप्लाय बाहेर ओढण्यासाठी असते. केज नट (यंत्रं रॅकला आवळायचे चौकोनी नट) मोजून घ्या आणि मोजून परत ठेवा, सांडलेला एक नट सापडल्याशिवाय वीज चालू करू नका.

फायबरची, म्हणजे प्रकाशातून माहिती नेणाऱ्या काचेच्या केबलची, टोपणं शेवटच्या क्षणापर्यंत काढू नका. सिंगल मोड फायबरचा प्रकाश वाहणारा गाभा ९ मायक्रॉनचा असतो आणि आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा, तेव्हा धुळीच्या एका कणाने काय होईल याचा अंदाज करा. जोडलेल्या फायबरच्या टोकात किंवा उघड्या पोर्टमध्ये डोकावायचं नाही. १३१० आणि १५५० नॅनोमीटरचा लेसर डोळ्यांना दिसत नाही.

रॅकमध्ये रिकाम्या राहिलेल्या जागांवर ब्लँकिंग प्लेट, म्हणजे नुसत्या झाकणपट्ट्या, लावा. मग वीज चालू करून, दार लावून, रॅकच्या पुढच्या बाजूला वर, मध्ये आणि खाली असे तीन थर्मामीटर टांगा आणि दिवस सर्वांत तापतो त्या वेळचे आकडे टिपा. वरचा आकडा खालच्यापेक्षा बराच जास्त असेल तर एसीचं बटण दाबायची घाई करू नका. आधी मागची गरम हवा कुठल्या फटीतून पुढे येतेय ते शोधा. बहुतेक वेळा दोन प्लेटा लावायच्या राहिलेल्या असतात.